कोमोच्या काठी

मिलान शहराच्या कादोर्ना स्थानकावरून सुटणारी छोटी गाडी तासाभरात कोमो सरोवराच्या अगदी काठाशी येऊन थांबते. स्थानकाबाहेर पडून चार पावले टाकली, की समोर पाणी पसरलेले दिसते. दोन्ही अंगांचे हिरवे डोंगर थेट त्या पाण्यात उतरलेले, आणि त्या डोंगरांमागे आणखी डोंगर. सुरसागराच्या काठी वाढलेल्या आम्हा बडोदेकरांना सरोवर म्हटले की चारी बाजूंचा बांधीव काठ आठवतो. कोमोचा पसारा निराळाच आहे. उलट्या धरलेल्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा त्याचा आकार असून त्याची खोली चारशे मीटरांहूनही अधिक आहे.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तेथे गेलो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त मिलानला असल्यामुळे एवढ्या दूरचा प्रवास घडला. कोमोला येणारे लोक येथील रेशमासाठी, बागांसाठी, नावेतल्या फेरीसाठी येतात. आमच्या सौ.ला मात्र तेथे जायचे होते ते एका माशासाठी. आणि तो मासा कोमोच्या सरोवरात नाही! तो खाऱ्या पाण्यातला. मग त्याच्यासाठी या डोंगरांच्या कुशीत यायचे कारण काय, हे सांगण्यापूर्वी दहा वर्षे मागे जाणे भाग आहे.

२००९ सालच्या गणपतीतली गोष्ट. आमच्या घरी संध्याकाळची आरती सौ. सांगते. त्या वर्षी पहिले कडवे खणखणीत होई आणि शेवटाकडे येता येता तिचा आवाज नाकातून येऊ लागे. दिवसभर ठीक असलेली डाव्या डोळ्याची पापणी दिवेलागणीला खाली येई. दोरीवर चार कपडे वाळत घालून झाले की हात वर उचलेनासा होई आणि भाकरीचे तीन-चार घास चावले की जबडा दमून जाई. थोडा वेळ स्वस्थ बसले की सारे पुन्हा पूर्ववत. सकाळी तर काही झालेच नव्हते असे वाटावे! कोणी रक्त कमी झाले म्हणाले, कोणी वय झाले म्हणाले, एका वैद्यांनी मनाचे खेळ म्हणून सोडून दिले. आणि लिहिताना लाज वाटते, पण एका संध्याकाळी आमच्याही तोंडून 'आळस' हा शब्द निघून गेला. तिने तो ऐकला, काही बोलली नाही, आणि राहिलेली भांडी बसून घासली.

पुढे सात महिन्यांनी मज्जातंतूंच्या एका डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करवली आणि दुखण्याला नाव मिळाले. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. गोळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्या तासात पापणी वर गेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. डॉक्टर गुजराती, वयस्क आणि बोलके होते. ते सौ.ला म्हणाले, "बहेन, तुमच्या रक्तात काय शोधायचे, हे आम्हाला एका माशाने शिकवले. वीज सोडणाऱ्या माशाने." त्या दिवशी ते वाक्य आम्ही विसरलो, तिने ते जपून ठेवले. पुढे ती त्या माशांविषयी मिळेल ते वाचत गेली, आणि त्या वाचनातच तिला कोमोचे नाव सापडले.

सरोवराकडे पाठ करून गावात शिरले, की पाच मिनिटांत येथील संगमरवरी कॅथीड्रल लागते. त्याच्या मुख्य दाराच्या दोहो बाजूंना कोनाड्यांत दोन पुरुष बसवलेले आहेत. ते संत असतील असे वाटते; पण ते ख्रिस्ती संत नसून रोमन काळातले काका-पुतणे आहेत, थोरला प्लिनी आणि धाकटा प्लिनी. दोघेही याच गावचे. थोरल्याने सृष्टीतल्या यच्चयावत वस्तूंची माहिती सदतीस भागांच्या एका ग्रंथात गोळा केली आणि इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात तो मरण पावला. त्या ग्रंथात त्याने टॉर्पीडो नावाच्या माशाचे वर्णन केले आहे. या माशाला भाल्याने किंवा काठीने दुरून स्पर्श केला, तरीही हात बधिर होतो, असे त्याने लिहून ठेवले. टॉर्पीडो हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या बधिरतेवरून आला; पाणबुडीच्या अस्त्राला ते नाव नंतर मिळाले. ग्रीक लोक याच माशाला 'नार्के' म्हणत, आणि 'नार्कोटिक' या शब्दाचे मूळही त्याच बधिरतेत आहे. प्लिनीच्याच शतकातला स्क्रिबोनियस लार्गस हा वैद्य तर डोकेदुखीवर जिवंत टॉर्पीडो कपाळावर ठेवायला आणि पायाच्या सांधेदुखीत त्याच्यावर पाय देऊन उभे राहायला सांगे.

टॉर्पीडो हा आपल्याकडच्या पाकटाच्या जातकुळीतला मासा. अंग चपटे व गोलसर, शेपूट आखूड, वाळूत अर्धवट पुरून घेऊन पडून राहण्याची सवय. त्याचे भाईबंद आपल्या अरबी समुद्रातही आहेत. डोक्याच्या दोहो बाजूंना कातडीखाली मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन मोठे अवयव असतात. बधिरता येते ती तेथूनच. काठीतून, ओल्या जाळ्यातून हातापर्यंत चढणारी ही शक्ती कोणती, हे कोडे प्लिनीनंतर सतराशे वर्षे तसेच राहिले. थंड विष म्हणून पाहिले, जादू म्हणून पाहिले, स्नायूंचा वेगवान ठोसा म्हणूनही पाहिले.

ते कोडे सोडवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तो जॉन वॉल्श आपल्याकडे येऊन गेलेला मनुष्य होता. क्लाइव्हचा खाजगी चिटणीस म्हणून त्याने हिंदुस्थानात काम केले, पैसा मिळवला आणि इंग्लंडला परतून विद्येचा नाद धरला. १७७२ साली तो फ्रान्सच्या ला रोशेल बंदरी गेला. तेथे माणसांनी साखळी करून, पहिल्या व शेवटच्याने माशाशी संबंध जोडला, की साऱ्यांना एकदम झटका बसतो, हे त्याने लोकांसमक्ष दाखवले. धातूच्या तारेतून तो झटका जाई. काच किंवा लाख मध्ये आली की थांबे. ही तर विजेचीच लक्षणे. त्यानंतर जॉन हंटर या शल्यवैद्याने मासा चिरून पाहिला. प्रत्येक अवयवात मधमाशांच्या पोळ्यासारखे उभे स्तंभ होते. एका माशाच्या एकेका अवयवात त्याने अशा स्तंभांची संख्या सुमारे ४७० मोजली. प्रत्येक स्तंभ पातळ पडद्यांची एकावर एक रचलेली चळत असून एका इंचात असे दीडशे पडदे भरले. शिवाय या अवयवाला जाणारे मज्जातंतू इतके जाड, की हंटरही चकित झाला.

ही चळत वाचकांनी ध्यानात ठेवावी; कारण कोमोच्या दुसऱ्या सुपुत्राने ती ध्यानात ठेवली होती.

कॅथीड्रलपासून पुन्हा पाण्याकडे येऊन काठाकाठाने पश्चिमेला चालत गेलो, की सार्वजनिक बागेत घुमट असलेली एक पांढरी इमारत दिसते. हे 'तेम्पिओ व्होल्तियानो', म्हणजे व्होल्टाचे मंदिर. आलेस्सान्द्रो व्होल्टा १७४५ साली कोमोत जन्मला आणि १८२७ साली येथेच वारला. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा एका कापड-कारखानदाराने स्वतःच्या पैशाने हे मंदिर बांधवले. आत देवाची मूर्ती नाही. काचेच्या कपाटांत त्याची उपकरणे मांडली आहेत. त्यांतली कित्येक मूळची नाहीत. १८९९ साली येथे भरलेल्या प्रदर्शनाला आग लागून त्याची बहुतेक उपकरणे जळून गेली, आणि वाचलेल्या अवशेषांवरून व वर्णनांवरून ती पुन्हा घडवण्यात आली.

मुलगी इटालियन पाट्या वाचून अर्थ सांगत होती. एका कपाटापाशी सौ. थांबली. लाकडी बैठकीवर काचेच्या दांड्यांच्या आधाराने चकत्यांचा हातभर उंचीचा मनोरा उभा होता. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्याची. पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, पुन्हा पुठ्ठा. वरच्या आणि खालच्या टोकाला ओली बोटे लावली की झटका बसे, आणि बोटे पुन्हा लावली की पुन्हा बसे. जगातली ही पहिली विद्युत्-घटमाला.

"अहो, ही तर ताटल्यांची चळतच की," सौ. म्हणाली.

मुलगी हसून म्हणाली, "आई, पाटीवरही तेच आहे. 'पीला' म्हणजे चळत. इकडे दुकानात टॉर्चचा सेल मागायचा तरी अजून पीलाच म्हणतात."

२० मार्च १८०० रोजी व्होल्टाने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून या शोधाची वार्ता कळवली. त्या पत्रात त्याने आपल्या यंत्राला 'कृत्रिम विद्युत्-अवयव' असे नाव सुचवले. टॉर्पीडो आणि तशा इतर माशांच्या नैसर्गिक अवयवाशी त्याचे साम्य आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. म्हणजे आपण घड्याळात, टॉर्चमध्ये, भिंतीवरच्या रिमोटमध्ये जो सेल घालतो, त्याच्या जन्मपत्रिकेत एका माशाचे नाव आहे!

यामागे एक प्रसिद्ध वाद होता. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने १७९१ साली बेडकाच्या तंगडीवरचे प्रयोग प्रसिद्ध करून प्राण्यांच्या अंगात स्वतःची वीज असते असे प्रतिपादन केले. व्होल्टा म्हणाला, वीज बेडकात नाही; ती दोन निरनिराळ्या धातूंच्या संयोगातून येते, तंगडी फक्त तिची साक्ष देते. गॅल्व्हानीने १७९५ साली ॲड्रियाटिक किनाऱ्यावर जाऊन टॉर्पीडोंवर प्रयोग केले. माशाचे हृदय काढले तरी झटके काही काळ चालू राहत. मेंदूशी असलेला संबंध तोडला की ते थांबत. व्होल्टाने त्याच माशाची चळत घेतली आणि धातूत उतरवली. पुढील काळाने दोघांनाही अर्धे अर्धे बरोबर ठरवले.

दुपारी बागेतल्या बाकावर बसून आम्ही घरून आणलेले थेपले खाल्ले. सौ.ने घड्याळ पाहून आपली गोळी घेतली, आणि पाण्याकडे बघत विचारले, "व्होल्टानं जस्त आणि चांदी घातली. माशाच्या अंगात जस्त कुठून आलं?"

प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर व्होल्टालाही ठाऊक नव्हते. माशाच्या अंगात जस्त नसते. असते ते मीठ. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी सोडियमचे कण बाहेर लोटत असते आणि पोटॅशियमचे आत राखत असते. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने किंचित ऋण राहते. फरक व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. मज्जातंतूकडून निरोप आला की पेशीच्या भिंतीतली सूक्ष्म दारे उघडतात, बाहेर ताटकळलेला सोडियम आत धावतो आणि क्षणभर आतली बाजू धन होते. आपण पापणी उचलतो, घास चावतो, तेव्हा आपल्याही स्नायूंत हेच घडते; आणि त्यापाठोपाठ स्नायू आकसतो.

माशाने केले ते एवढेच. वाढ होत असताना त्याच्या काही स्नायुपेशींनी आकसण्याचा धर्म सोडला आणि त्या पापडासारख्या चपट्या झाल्या. हालचाल गेली, वीज तेवढी राहिली. या चकतीच्या एकाच बाजूला मज्जातंतू येऊन भिडतो आणि निरोप येताच त्याच बाजूची दारे उघडतात. दुसरी बाजू होती तशीच राहते. त्यामुळे दोन्ही बाजूंची वीज परस्परांना न मारता एका दिशेने मिळते, आणि एका चकतीमागे साधारण ०.१५ व्होल्ट पदरात पडतो. अशा दहा चकत्या मिळून टॉर्चच्या एका सेलाइतके बळ. बॅटरीत आपण सेल एकापुढे एक घालतो, तशा या चकत्या हजारोंनी रचलेल्या असतात.

दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत राहणारा 'इलेक्ट्रिक ईल' हा या कुळातला सर्वांत बलवान. नाव ईल असले तरी तो आपली वाम नव्हे. त्याचे नाते शिंगाळा-मांगूर यांच्या बाजूचे. त्याच्या लांबलचक देहाचा चार-पंचमांश भाग विजेच्या अवयवांनी व्यापलेला असून एका रांगेत सहा हजारांच्या आसपास चकत्या असतात. डोके धन, शेपटी ऋण. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. हा मासा सहाशेच्या पुढे जातो. मात्र एक झटका सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकाच टिकतो. टॉर्पीडोचा हिशेब याच्या उलट. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तेथे मोठ्या दाबाची गरज नाही, प्रवाह मोठा हवा. त्याच्या चळती आखूड, पण शेजारी शेजारी शेकड्यांनी. नदीचे गोडे पाणी विजेला अडवते, म्हणून ईलची रांग लांब. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची आणि अँपिअर म्हणजे नळाची रुंदी असे मानले, तर एकाने टाकी उंच बांधली, दुसऱ्याने नळ रुंद केला.

या साऱ्या चकत्या एकाच क्षणी पेटल्या नाहीत, तर झटका बसणारच नाही. डोक्याजवळच्या चकतीला निरोप लवकर पोचणार, शेपटीच्या टोकाला उशिरा. यावरही तोड आहे. जवळच्या चकत्यांकडे जाणारे मज्जातंतू निरोप सावकाश नेतात आणि दूरच्यांकडे जाणारे त्वरेने, त्यामुळे निरोप सर्वत्र एकदम पोचतो. पंगतीत टोकाच्या पानापर्यंत वाढून झाल्याशिवाय पहिल्या पानाने घास घ्यायचा नाही, असाच हा शिस्तीचा प्रकार.

ही वीज मासा वापरतो कशी, हेही अलीकडच्या काळात उलगडले. ईल गढूळ पाण्यात हिंडताना थोड्या व्होल्टांचे मंद स्पंद सोडतो आणि त्यांच्यावरून भोवतालचा अंदाज घेतो. भक्ष्य दडून बसले असेल तर दोन-तीन जोरदार स्पंद एकापाठोपाठ सोडतो. त्यांनी भक्ष्याच्या मज्जातंतूंना डिवचले जाते, त्याचे अंग नकळत उडते आणि पाण्याच्या त्या हालचालीने त्याचा ठावठिकाणा उघड होतो. मग सेकंदाला सुमारे चारशे या गतीने झटक्यांचा वर्षाव होतो आणि भक्ष्य ताठरते. २०१४ साली अमेरिकेतील केनेथ कॅटानिया यांनी हे प्रयोगाने दाखवले. दुसऱ्याचे स्नायू दुरून हलवण्याची ही विद्या आहे.

आफ्रिकेच्या नद्यांतला जिम्नार्कस नावाचा मासा तर कोणालाही झटका देत नाही. त्याची वीज इतकी मंद, की हाताला कळतही नाही. केंब्रिजच्या लिसमन यांनी १९५१ साली ती उपकरणाने टिपली. हा मासा शेपटीकडून अखंड स्पंद सोडतो आणि त्याचे स्वतःभोवती एक क्षेत्र निर्माण होते. दगड आला तर क्षेत्र एका प्रकारे वाकते, दुसरा मासा आला तर दुसऱ्या प्रकारे. कातडीतल्या विद्युत्-संवेदी छिद्रांना तो फरक जाणवतो. काळोख्या पाण्यात त्याला डोळ्यांवाचून दिसते ते असे. अशा दोन माशांची गाठ पडली आणि दोघांच्या स्पंदांची गती जवळजवळ सारखी असली, तर दोघांनाही दिसेनासे होते. मग दोघेही आपापली गती थोडी बदलून घेतात. एका घरात दोन रेडिओ लागले तर आपल्याकडे एवढा समजूतदारपणा कोठून असणार!

आश्चर्य असे, की या माशांचे परस्परांशी जवळचे नाते नाही. निसर्गात विद्युत्-अवयव निदान सहा वेळा स्वतंत्रपणे घडला आणि बहुतेक वेळी तो स्नायूंतूनच घडला. टॉर्पीडोत कल्ल्यांच्या स्नायूंपासून, ईलमध्ये धडाच्या. डार्विनलाही १८५९ च्या आपल्या ग्रंथात हे मासे म्हणजे एक विशेष अडचण आहे, असे लिहावे लागले.

व्होल्टाचे पत्र ज्या मार्च १८०० मधले, त्याच महिन्यात अलेक्झांडर हुम्बोल्ट हा जर्मन प्रवासी व्हेनेझुएलातील कालाबोसो गावी होता. तेथील लोकांनी घोडे तळ्यात घातले. ईलांनी उसळून घोड्यांच्या पोटाला अंग भिडवून झटके दिले. दोन घोडे बुडाले. शेवटी थकलेले मासे हाती लागले. मासा पाण्याबाहेर उसळी मारतो यावर पुढे दोनशे वर्षे पुष्कळांचा विश्वास बसेना. २०१६ साली कॅटानिया यांनी तो खरोखर उसळतो आणि शत्रूच्या अंगाला हनुवटी भिडवून झटका देतो, हे सिद्ध केले. एकाच महिन्यात एक माणूस चिखलाच्या तळ्याकाठी खऱ्या माशासमोर उभा होता, आणि दुसरा या सुंदर सरोवराकाठी धातूचा मासा रचून पत्र लिहीत होता. दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती.

आता डॉक्टरांच्या त्या वाक्याकडे येऊ. मज्जातंतू आणि चकती यांच्यात बारीकशी फट असते. निरोप ती फट ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याच्या रूपाने ओलांडतो. पलीकडच्या दारांना या द्रव्याची जणू किल्लीच लागते. आपल्या स्नायूंतही तीच किल्ली व तशीच दारे आहेत. पण आपल्या स्नायूत ती इतकी विरळ, की शास्त्रज्ञांना वेगळी काढता येईनात. विद्युत्-अवयवात मात्र ती खच्चून भरलेली. १९७० साली पॅरिसचे झाँ-पिएर शाँझ्यू आणि तैवानचे सी. वाय. ली यांनी आपल्या मण्यारीच्या कुळातल्या एका सापाचे विष वापरून ईलमधली ही दारे ओळखून काढली; कारण ते विष नेमके त्याच दारांना जाऊन चिकटते. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या का मिटतात, हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

पुढे १९७३ साली कॅलिफोर्नियातील पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी ईलच्या अवयवातली ही दारे शुद्ध करून सशांना टोचली. सशांच्या रक्ताने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, आणि ससे लुळे पडू लागले. मान उचलवेना, श्वास अडू लागला. मायस्थेनियाच्या रोग्यांना जे औषध देतात तशाच जातीचे औषध दिल्याबरोबर ते ससे सावरले! तेव्हा उमगले, की मायस्थेनियात रोग्याचे स्वतःचे रक्तच ही दारे मोडून काढत असते. किल्ली येते, पण उघडायला दारच उरलेले नसते. पहिले चार घास उरल्यासुरल्या दारांवर निभावतात. पाचव्याला जबडा थांबतो. रक्तातली ही प्रतिपिंडे शोधण्याची तपासणी याच वाटेने सिद्ध झाली, आणि तिच्या मूळ पद्धतीत सापाचे तेच विष खूण म्हणून वापरले जाते. आमच्या सौ.च्या कागदावर जो आकडा आला, त्याच्यामागे मासा, साप आणि ससा असे तिघे उभे होते.

हे सगळे बोलता बोलता ऊन उतरले. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. समोर ब्रुनातेच्या डोंगरावर १९२७ सालीच व्होल्टाच्या स्मरणार्थ उभारलेला दीपस्तंभ आहे. अंधार पडता पडता तो लागला. हिरवा, पांढरा, तांबडा असे त्याचे प्रकाश आळीपाळीने फिरू लागले. वर जायला झुकत्या रुळांची गाडी आहे, पण दीपस्तंभाला पायऱ्या, संध्याकाळी सौ.ला पायऱ्या झेपत नाहीत. ती खालूनच पाहत होती. तिची डावी पापणी जराशी उतरली होती. मुलगी कॉफी आणायला गेली होती, आणि दहा वर्षे जे बोलायचे राहिले होते ते आम्ही त्या बाकावर बोललो. त्या संध्याकाळच्या त्या शब्दाबद्दल बोललो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, त्या माशालाही दोन हजार वर्षं लोक जादूटोणा करणारा म्हणतच होते की. आत काय चाललंय हे बाहेरून कसं दिसणार?" आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पण तुम्ही बोललात ते बरं केलंत."

आम्ही बडोद्यास परतलो. त्याच वर्षी सप्टेंबरात मुलीने एक बातमी पाठवली. आजवर एकच समजला जाणारा इलेक्ट्रिक ईल प्रत्यक्षात तीन जातींचा आहे, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले होते. त्यांतल्या एका जातीच्या माशाने ८६० व्होल्टांचा झटका दिला. कोणत्याही प्राण्याच्या बाबतीत मोजलेला हा सर्वांत मोठा आकडा. त्या जातीचे नाव ठेवले 'इलेक्ट्रोफोरस व्होल्टाय'. कोमोच्या गृहस्थाने माशाकडून जे उसने घेतले होते, ते सव्वादोनशे वर्षांनी नावाच्या रूपाने परत फेडले गेले. सौ.ने ते नाव कागदावर लिहून गोळ्यांच्या डबीच्या झाकणात चिकटवले आहे.

आमच्या घरची गणपतीची मोठी आरती आता संध्याकाळी होत नाही; ती आम्ही सकाळी आठाला करतो. त्या वेळी सौ.चा आवाज शेवटच्या कडव्यापर्यंत पुरतो.